पाळणाघर आणि आपले उंदीर

ठाणे, रविवार रात्र

प्रिय शुभे,

एवढे महिने पत्र नाही, फोन नाही, म्हणून शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. आम्ही सगळे बरे. माझी पाठ तेवढी धरलेली असते.

उद्यापासून ऑफिस. 26 आठवड्यांची रजा संपली आणि मनू पाळणाघरात. कासारवडवलीहून ऐरोली, त्यात घोडबंदरचा ट्रॅफिक, म्हणजे पोर नऊ-दहा तास लांब. कुणाला सांगावं तर म्हणतात, सगळ्याच आया करतात गं. पण कॉलेजच्या प्रयोगशाळेत रोज तीन-तीन तास उंदरांची पिल्लं आईपासून उचलून वेगळी ठेवायला तू आणि मीच होतो ना! बोटभर, गुलाबी, डोळेही न उघडलेली. मग मोठी झाली की दुधाची पावडर कालवलेल्या त्या टाकीत सोडायची, आणि पाण्याखालचा चौथरा कुठे ते आठवतंय का, बघत स्टॉपवॉच धरून उभं राहायचं. परवा मनूची बाटली धुताना तोच आंबूस वास आला. झोप उडाली ती उडालीच.

सासूबाई म्हणाल्या, "एवढं शिकून पोर वाढवायला शेवटी उंदरांनाच विचारतेस?"

विचारतेच आहे. 15 मिनिटंच लांब नेलेली पिल्लं उलट धीट निघतात, परत आल्यावर आई त्यांना जास्त चाटते म्हणून. मायकेल मीनींच्या प्रयोगशाळेत तर कमी चाटणारीची पिल्लं जास्त चाटणारीच्या कुशीत दिली, तर मोठेपणी ताण आला तरी ती तिच्याच पिल्लांसारखी वागली. म्हणजे चाटणारं कुणीतरी हवं, जन्म देणारीच हवी असं नाही. पाळणाघरातल्या काकू मनूला मांडीवर घेऊन बसल्या तेव्हा मी हेच घोकत होते. तेवढ्यात दुसऱ्या बाईंनी एका रडणाऱ्या पोराला टीव्हीसमोर नेऊन बसवलं, की माझं कॉर्टिसॉल, ताणाचं ते हार्मोन, वर!

आणि आपली मोजमापं सगळी नरांची. मादीचं चक्र चार-पाच दिवसांचं, इस्ट्रोजेन वरखाली झालं की हिप्पोकॅम्पसमधल्या, म्हणजे मेंदूतल्या स्मृतीच्या भागातल्या, पेशींवरचे जोडणीचे बारीक काटे दिवसभरात कमी-जास्त होतात, म्हणून सरांनी माद्या वगळल्या. तू भांडलीस. मी गप बस म्हटलं, तर मेसमध्ये आठवडाभर माझ्याशेजारी बसली नाहीस. (परीक्षा तोंडावर होती, माझंच बरोबर होतं.) आता वाचते तर लहानपणच्या ताणाने बऱ्याच प्रयोगांत नरांची स्मृती जास्त ढासळते, माद्या तग धरतात. जीव भांड्यात पडला. मग वाटलं, चौथरा सापडला म्हणजे बाकी सगळं ठीक, हे कुणी ठरवलं?

तुझं प्रमोशन कळलं, अभिनंदन, पार्टी उधार. काकांचा मोतीबिंदू झाला ना नीट?

आणि ऐक, सरांच्या नकळत तू दोन-तीन माद्यांना पोहवलं होतंस, मला ठाऊक आहे. वही असेलच तुझ्याकडे, तू कागदाचा कपटा टाकत नाहीस. त्यांचे आकडे पाठव. तीन उंदरांवरून काही सिद्ध होत नाही हे मला शिकवू नकोस. नुसते पाठव.

तुझी,
वसू