विषय : टाळ्यांचा आवाज आणि उरलेल्या सात महिन्यांचे पैसे

व्यवस्थापक,

तुमच्या कस्टमर केअरला आज सहावा फोन केला. तो ठेवून लगेच हे लिहिते आहे.

तुमच्या ब्रेन ट्रेनिंगमधल्या, म्हणजे मेंदूचा सराव करून घेणाऱ्या टॅबवरच्या मेमरीच्या खेळात उत्तर बरोबर आलं की टाळ्यांचा कडकडाट होतो. तो वेगळा बंद करता येत नाही. टॅबचा आवाजच घालवला तर सूचनाही जातात. माझ्या सात वर्षांच्या मुलाला ऑटिझम आहे, अचानक आलेला आवाज त्याला सहन होत नाही. आता तो एका हाताने कान दाबतो, बरोबर चित्राकडे बघतो आणि बोट मात्र शेजारच्या चित्रावर ठेवतो. चुकलं की टाळ्या वाजत नाहीत, हे त्याला कळलंय. तुमचा अहवाल म्हणतो, स्मरणशक्ती घसरली, सराव वाढवा.

आज तुमचा माणूस म्हणाला, "खातं मुलाच्या नावावर आहे, फोन त्याला द्या." सांगितलं, तो बोलत नाही. "दोनच मिनिटं मॅडम, फक्त नाव आणि जन्मतारीख सांगू दे." परत सांगितलं, तो बोलत नाही. "मग त्याचा मूड असेल तेव्हा फोन करा." तुमच्याच फॉर्मच्या पहिल्या पानावर "बोलत नाही" या चौकटीत मी खूण केली होती. ती कुणी वाचली?

माहितीपत्रकात लिहिलं होतं, घरात आणि शाळेत फरक दिसेल. टाळ्यांचा त्रास सुरू होण्याआधी तो एकतिसाव्या लेव्हलला पोचला होता. तेव्हाही "ताट घे आणि पाणी आण" म्हटलं की ताट घेऊन उभा राहायचा. खेळाने फक्त खेळच सुधारतो, असं त्याच्या ओटीच्या (ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं शिकवणारी थेरपी) ताईंनी आधीच सांगितलं होतं. तुमची वर्षाची ३६,००० रुपये फी भरता यावी म्हणून मी त्यांचंच आठवड्यातलं एक सेशन बंद केलं. ते मला फार लागतंय.

ब्रेन ट्रेनिंगने ऑटिझममध्येही फरक पडतो, असे दावे पुराव्याविना केल्याबद्दल अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने लर्निंगआरएक्स या कंपनीवर कारवाई केली. २०१६ मध्ये २ लाख डॉलर भरून तिला प्रकरण मिटवावं लागलं. आपल्याकडेही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातींना दंड आहे.

सात महिन्यांचे २१,००० रुपये पंधरा दिवसांत परत करा. नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवेन आणि जिल्हा ग्राहक आयोगातही जाईन.

आणि त्या टाळ्या बंद करायचं बटण द्या. आमचं खातं मी बंद करते आहे, पण हा खेळ अजून किती घरांत चालू आहे ते तुम्हाला ठाऊक आहे.

एक आई