न वापरताच मोरीत जाणारे पाणी

महोदय,

उन्हाळा तोंडावर आला की सोसायट्यांच्या सूचनाफलकांवर शॉवरऐवजी बादली घ्या, नळ सोडून भांडी घासू नका, अशी आवाहने लागतात. ती रास्तच आहेत. परंतु घोडबंदर रोडवरील आमच्या इमारतीत टँकरचा खर्च वाढल्यावर मी घरातील पाण्याचा हिशेब मांडला, तेव्हा कोणीही न वापरता वाहून जाणारे पाणीच अधिक खटकले.

पहिली गोष्ट 'शिळ्या' पाण्याची. सकाळी नळाला पाणी आले की आदल्या दिवशी भरलेल्या दोन कळशा आमच्याकडे वर्षानुवर्षे मोरीत ओतल्या जात होत्या. झाकून ठेवलेले स्वच्छ पाणी एका रात्रीत नासत नाही. डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून साठ्याची भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासावीत हे खरे, पण तेही पाणी फरशीला चालते. ठाण्याला पाणी देणारे भातसा धरण ज्या शहापूर तालुक्यात आहे, तेथील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत असतात, हे ठाऊक असूनही आपला हात कळशी उपडी करताना अडखळत नाही.

दुसरी गोष्ट पिण्याचे पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राची. त्याची टाकाऊ पाणी बाहेर काढणारी मागची बारीक नळी बादलीत सोडली, तर पिण्याचे चार लिटर पाणी भरेपर्यंत बादलीत सुमारे बारा लिटर जमले. पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तेथे आरओवर बंदी घालावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये केंद्र सरकारला सांगितले होते. धरणाच्या पाण्यात क्षार सहसा कमीच असतात. बोअरवेलच्या पाण्याची बाब निराळी. म्हणून यंत्र घेण्याआधी पाणी तपासून घ्यावे. यंत्र असेलच, तर नळीखालची बादली संडास-बाथरूम धुण्यास पुरते. कुंड्यांना मात्र ते क्षारयुक्त पाणी रोज घालू नये.

सर्वांत चकवणारी गळती फ्लशच्या टाकीची, कारण तिचा आवाजही येत नाही. मी टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाकले आणि अर्ध्या तासाने, फ्लश न करताच, भांड्यात तांबडी रेघ उतरलेली दिसली. झिजलेले वॉशर बदलण्यास प्लंबरला दहा मिनिटेही लागली नाहीत.

प्रत्येक सदनिकेला मीटर बसवा, असा उपाय नेहमी सुचवला जातो. मात्र जुन्या इमारतींत स्वयंपाकघर, बाथरूम आणि संडासाला गच्चीवरून वेगवेगळे पाइप उतरत असल्याने एकेका घराला तीन-चार मीटर लागतात आणि तो विषय खर्चापाशीच अडतो. रंगाच्या बाटलीला तसा खर्च नाही. आमच्या सभेत तूर्त एवढेच ठरले, की येत्या रविवारी वरच्या मजल्यापासून प्रत्येक घरातील फ्लशची टाकी अशी तपासायची आणि वॉशरचा खर्च सोसायटीने सोसायचा.

– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे