स्लीपमधून उठवताना लॅपटॉप बंद पडतो : वॉरंटीतली तक्रार आणि तुमच्या सुपरवायझरचं उत्तर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : वॉरंटीतल्या लॅपटॉपचा दोष न शोधता तक्रार बंद केल्याबद्दल

तुमच्या कॉल सेंटरशी बोलून आत्ताच फोन ठेवला आहे. बिल, जॉबशीट आणि तक्रार क्रमांक सोबत जोडले आहेत. मॉडेल तुमचंच आहे, ते कसं चालतं हे मी तुम्हाला सांगायला नको.

दोष असा आहे. झाकण मिटून लॅपटॉप पाच-दहा मिनिटं ठेवला तर व्यवस्थित उठतो. दोन-तीन तास ठेवला की उठत नाही. पॉवरचा दिवा लागतो, पंखा जोरात फिरायला लागतो, स्क्रीन मात्र काळी. कॅप्स लॉक दाबलं तरी त्याचा दिवा लागत नाही. कधी बऱ्याच वेळाने निळी स्क्रीन येते, त्यावर ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ असतं, आणि मशीन रीस्टार्ट होतं. कधी तेही होत नाही, बटण दाबून धरूनच बंद करावं लागतं. सेव्ह न केलेलं सगळं जातं.

मी द्राक्ष निर्यातदारांची कागदपत्रं करते. सीझनमध्ये सकाळी नाशिकहून निघून दिंडोरी, पिंपळगाव बसवंतची पॅकहाउसं करायची, आणि जिथे पोचेन तिथे झाकण उघडून लगेच कामाला लागायचं. परवा पॅकिंग लिस्ट अर्धी भरून झाली होती. मी प्री-कूलिंगमधल्या, म्हणजे माल आधी थंड करतात त्या खोलीतल्या, पॅलेट मोजायला आत गेले, त्यातच दुपार झाली. परत येऊन झाकण उघडलं तर स्क्रीन काळी. बाहेर कंटेनर भरून उभा, ट्रकचा ड्रायव्हर न्हावाशेवा बंदराला निघायच्या घाईत, आणि मी प्रत्येक पॅलेटचा नंबर पुन्हा हाताने वहीत उतरवतेय. मालकाने मला काही म्हटलं नाही, पण पुढच्या वर्षी काम कोणाला द्यायचं हे तो अशाच दिवशी ठरवतो.

तुमच्या सर्व्हिस सेंटरने काय केलं? इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं आणि इंजिनिअर म्हणाला, ‘मॅडम, तुमच्याकडे लाइटचा प्रॉब्लेम आहे, स्टॅबिलायझर लावा.’ लॅपटॉप तेव्हा बॅटरीवर होता! ४१ चा अर्थ एवढाच, की मशीन नीट शट डाउन न होता पुन्हा सुरू झालं. का, ते त्यात लिहिलेलं नसतं. ते मिनीडंप फाइलमध्ये, म्हणजे निळी स्क्रीन येताना विंडोज जी नोंद ठेवतं तिच्यात, सापडतं आणि त्या फाइली मी तुम्हाला मेल केल्या आहेत. त्या कोणी उघडल्याचं एकाही उत्तरात दिसत नाही. नंतर विंडोज फॉरमॅट करून दिलं, दोष तसाच राहिला. जॉबशीटवर शेरा : ‘दोष आढळला नाही.’ आढळणार कसा? लॅपटॉप माझ्यासमोर रीस्टार्ट करून बघितला, तासन् तास स्लीपला ठेवून बघितलाच नाही.

तुमचं काम मी घरी करून बघितलं. ‘पॉवरसीएफजी’ या विंडोजच्या कमांडला विचारलं तर या मशीनमध्ये मेमरी सोडून जवळजवळ सगळं बंद करणारी जुनी एस-३ स्लीप नाहीच, फक्त एस-० लो पॉवर आयडल आहे. म्हणजे झाकण मिटल्यावर मशीन पूर्ण झोपत नाही, एकेक भाग कमी विजेवर जातो आणि उठताना प्रत्येक ड्रायव्हरने वेळेत जागं व्हावं लागतं. हायबरनेटमध्ये काम डिस्कवर ठेवून मशीन पूर्ण बंद होतं, आणि त्यातून तोच लॅपटॉप दर वेळी उठतो. माउस, डोंगल, सगळं काढून बघितलं, मेमरी टेस्टही स्वच्छ आली. त्यामुळे संशय बायॉस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) आणि तुम्ही दिलेल्या ड्रायव्हरवर जातो. नसेल तर मदरबोर्ड तपासा. दोन्ही तुमचंच आहे.

आता आजचा फोन. हे सगळं मी तुमच्या सुपरवायझरला सांगत होते. मिनीडंपचं नाव घेतलं तोच त्याने मला तोडलं. ‘मॅडम, घरात कोणी जेन्ट्स आहेत का? त्यांना फोन द्या ना, थोडं टेक्निकल आहे.’ मी म्हटलं, लॅपटॉप माझा आहे, बिल माझ्या नावावर आहे, आणि टेक्निकल जे आहे ते मीच तुम्हाला सांगतेय. त्यावर तो थांबला, आणि म्हणाला, ‘तुम्ही स्लीपला टाकताच कशाला? शट डाउन करत जा, प्रॉब्लेम येणारच नाही.’ मी विचारलं, हे तुम्ही मला लेखी द्याल का, की या मॉडेलमध्ये स्लीप वापरू नये? तर म्हणे, ‘तसं लेखी देता येत नाही.’ मग म्हणाला, ‘आणखी काही मदत हवी आहे का?’ आणि माझं उत्तर यायच्या आत फोन ठेवला. पाच मिनिटांत मेसेज आला : तुमची तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे.

कोणाचं समाधान झालं? जाहिरातीत ‘झाकण उघडा आणि लगेच काम सुरू करा’ हे तुम्ही विकता, आणि विकल्यावर तेच वापरू नका म्हणता. घरातल्या पुरुषाला फोन द्यायला सांगण्याची लाज तुमच्या कंपनीत कोणाला वाटत असेल, तर त्या माणसाने मला उत्तर द्यावं.

मला हवं ते असं : तक्रार पुन्हा उघडा. लॅपटॉप तुमच्याकडे किमान एक रात्र स्लीपला ठेवून सकाळी उठवा, आणि काय झालं ते जॉबशीटवर लिहा. रीस्टार्ट करून बघितलेलं मी तपासणी मानणार नाही. त्यावरून बायॉस, ड्रायव्हर किंवा मदरबोर्ड दुरुस्त करा. जमत नसेल तर लॅपटॉप बदलून द्या किंवा पैसे परत करा. सुपरवायझरच्या बोलण्याची लेखी माफी वेगळी हवी. ते कॉल तुम्हीच रेकॉर्ड करता, ऐकून घ्या.

पंधरा दिवसांत हे झालं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर नोंद करून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. कागदपत्रं तयार करणं हे तर माझं रोजचं काम आहे.

आमच्या ऑफिसमध्ये तुमच्याच कंपनीची मशीनं आहेत, मीच सुचवून घेतलेली. पुढच्या सीझनआधी आणखी घ्यायची आहेत. ती तुमची असणार नाहीत.

तुमची ग्राहक,
गंगापूर रोड, नाशिक