आउटबॉक्समधले नऊ दिवस

सोलापूर

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तुला चार दिवसांपासून ताप असल्याचे काल आत्याकडून कळले. ‘अप्पांनी एका शब्दाने विचारले नाही,’ असे तू तिला म्हणालीस, हेही कळले. बाळा, तुझी सिद्धेश्वर एक्स्प्रेस सुटली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी तुला ईमेलने मोठे पत्र लिहिले होते. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहायचे ठरवले. ते पत्र नऊ दिवस कारखान्यातल्या संगणकाच्या आउटबॉक्समध्ये पडून होते.

येणाऱ्या मेल रोज येत होत्या, त्यामुळे जाणाऱ्या अडकल्या असतील अशी शंकाही आली नाही. टॉवेलचे दर अजून का पाठवले नाहीत, असा हैदराबादच्या व्यापाऱ्याचा फोन आला तेव्हा आउटबॉक्स उघडला. त्यात सात मेल होत्या आणि सर्वांत खाली तुझी होती. ताप किती आहे? रक्त तपासलेस का?

तू आउटलुक बसवून दिलेस तेव्हा म्हणाली होतीस की मेल आणणारा सर्व्हर वेगळा आणि नेणारा वेगळा. ते आठवले, म्हणून खात्याच्या सेटिंगमध्ये फक्त आउटगोइंग सर्व्हर पाहिला. तिथे पोर्ट, म्हणजे मेल बाहेर जाण्याच्या वाटेचा क्रमांक, 25 होता. तू गेलीस त्याच दिवशी आपण इंटरनेटचे कनेक्शन बदलले आणि नव्या कंपनीने तो पोर्ट बंद ठेवला आहे. व्हायरस लागलेले संगणक त्याच वाटेने नको त्या मेलचा पाऊस पाडतात, म्हणून बऱ्याच कंपन्या तो बंद ठेवतात. मी 587 घातला, मेल वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून एन्क्रिप्शनला स्टार्टटीएलएस हा पर्याय निवडला, सर्व्हरला पासवर्ड लागतो त्या खुणेवर टिक केली आणि युजरनेम म्हणून पूर्ण ईमेल पत्ता दिला. आधी स्वतःलाच एका ओळीची मेल पाठवून पाहिली. ती पोचली आणि मागोमाग सहा मेल गेल्या. तुझी तेवढी राहिली.

कारण मीच होतो. आउटबॉक्समधली मेल तिरप्या अक्षरात असते तोवर ती जाण्याच्या रांगेत असते. ती उघडून पाहिली की अक्षरे सरळ होतात आणि पुन्हा सेंड दाबेपर्यंत ती जात नाही. मी ती उघडून वाचली होती, ‘तुझ्या मनाप्रमाणे कर’ हे वाक्य तुला टोचेल असे वाटून दोनदा बदलले होते आणि नुसतीच बंद केली होती.

पाचवीत होतीस तेव्हा गड्ड्याच्या यात्रेत असाच ताप चढला होता. सातही नंदीध्वज पाहिल्याशिवाय घरी यायचे नाही म्हणून तू खांद्यावर बसून राहिलीस आणि होम मैदानापासून घरापर्यंत तुझी कढत हनुवटी माझ्या टाळूवर टेकलेली होती. घरी आल्यावर आईने मला जे सुनावले, ते योग्यच होते. म्हणून सांगतो, ताप अंगावर काढू नकोस. जागरणे करू नकोस, डबा वेळेवर खा, पाणी उकळून पी, आणि एवढ्या लांब नोकरी घेतलीस तर निदान... हे पुन्हा सुरू झाले. क्षमा कर. भांडणही असेच सुरू झाले होते. तू तिथे स्वतःच्या हिमतीवर उभी आहेस, हे मी कारखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. तुला मात्र कधी सांगितले नाही.

काल रात्री तीनदा फोन लावला, तू उचलला नाहीस. झोपली असशील, असे आईला सांगितले. शेंगाचटणी आणि कडक भाकरी आत्याबरोबर पाठवतो आहे, पण ताप उतरेपर्यंत चटणी खाऊ नकोस.

जुने पत्र यामागोमाग पाठवतो. ते वाक्य मूळचेच ठेवले आहे. उत्तरात बाकी काही लिहावेसे वाटले नाही तरी चालेल, सकाळ-संध्याकाळचा ताप किती ते आकड्यात लिही. मी कारखान्यातच बसलो आहे.

तुझे
अप्पा