तुझ्या बेसचा आवाज बदललाय

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तब्येत ठीक. पाठीचं दुखणं जुनंच, त्यात सांगण्यासारखं काही नाही. फोनवर हे धड सांगता येणार नाही म्हणून लिहायला बसलोय. आपला डेमो, म्हणजे गाणं आणि चित्रं एकत्र चालवणारा प्रोग्रॅम, ज्या कमोडोर ६४ कॉम्प्युटरवर चालतो, त्यातली आवाजाची सिड चिप गेली. तीच ६५८१, तुझ्या गाण्याची.

घरी सांगितलं तर पहिला प्रश्न आला, "दुसरी मिळत नाही का?" मिळते, आणि तीच तर पंचाईत आहे. मिळाली, बसवली, तिन्ही आवाज लागले. सूर तोच, ताल तोच, पण गाणं तुझं राहिलं नाही. ऐकताना पोटात खड्डा पडला, आणि हे कुणाला सांगावं असा विचार केला तर तुझ्याशिवाय नाव सुचेना.

झालं असं. आवाजाची धार कमी-जास्त करणारा फिल्टर बंद असला की सगळं व्यवस्थित, एखादा आवाज फिल्टरमधून सोडला की तो गायब. मला वाटलं शेजारचे दोन कपॅसिटर गेले असतील. बदलले, फरक शून्य. मग चिप सॉकेटमधून अलगद उचलून आपल्या लंब्याच्या मशीनमध्ये लावली, तिथेही फिल्टर मुका. इतकी वर्षं पंख्याशिवाय तापत राहिलेली चिप, तिचा तरी काय दोष! मग एका विक्रेत्याकडून मागवली. आली ती वरची अक्षरं घासून नवी छापलेली, आत आवाजाची चिपच नव्हती. शेवटी लंब्यानेच त्याच्या बंद पडलेल्या दुसऱ्या मशीनमधली काढून दिली. अस्सल ६५८१. त्याचं मन मोठंच, पण देताना आपण ८५८०, म्हणजे सिडची नंतरची आवृत्ती, का वापरत नाही यावर मोठं व्याख्यानही दिलं. फिल्टर सरळ चालतो, सगळ्या चिपा जवळपास सारख्या वागतात, वगैरे. मी म्हटलं, बारा व्होल्टच्या जागी नऊ व्होल्टची चिप लावायला बोर्डात बदल करावे लागतील. ते सोड, मित्रा, तुझं गाणं तिच्यात न्हाऊन पावडर लावून बसवलेल्या पोरासारखं वाटतं. शिवाय तुझे ड्रम! व्हॉल्यूमच्या रजिस्टरमध्ये भराभर आकडे लिहून काढलेले सॅम्पल ६५८१ मध्ये दणकून वाजतात, ८५८० मध्ये जेमतेम ऐकू येतात. ड्रम गेले तर आपल्या डेमोच्या तिसऱ्या भागात उरतं काय?

त्या तिसऱ्या भागाचाच घोर लागलाय. तुला आठवत असेलच, कटऑफ, म्हणजे फिल्टर किती उघडा ते ठरवणारा आकडा, २४ पासून सुरू होतो आणि दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक चित्राला, एकाने चढत सेकंदाला पन्नास, असा २०० पर्यंत जातो. जुन्या चिपवर बेस सुरुवातीला भिंतीपलीकडून आल्यासारखा घुमायचा, मग हळूहळू उघडत जायचा आणि अगदी शेवटी दात दाखवायचा. नव्या चिपवर २४ लाच तो अर्धा उघडा असतो. ११० च्या आसपास पुरता उघडतो आणि पुढे आकडा चढत राहिला तरी कानाला काही बदलत नाही. वाढतच जाणारी ती हुरहुर निम्म्यातच संपते.

याचं कारण तूच मला शिकवलंस. ही चिप बनवणाऱ्या बॉब यानेसने तिच्यात डिजिटल आवाजांच्या पुढे अ‍ॅनालॉग फिल्टर ठेवला, आणि तो त्या काळच्या कारखान्यातल्या ट्रान्झिस्टरांवर उभा. थोडा इकडेतिकडे फरक पडला की कटऑफची चढण बदलते. म्हणून एकाच छापाच्या दोन ६५८१ एकसारख्या वाजत नाहीत. व्हाइस एम्युलेटरमध्ये, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर कमोडोरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, तर फिल्टर बायस, म्हणजे ती चढणच, खालीवर करायची सोयच आहे. मी करून पाहिला. पण कशाशी जुळवायचं? ज्या चिपशी जुळवायचं तीच आता बोलत नाही.

नुसता आवाजाचा प्रश्न असता तर मी तुझे आकडे खाली सरकवले असते, तुला कळवलं असतं आणि तुझ्या शिव्या खाल्ल्या असत्या. पण पडद्यावरचे माझे रंगपट्टे त्याच आकड्यावर टांगलेले आहेत. सिडला कटऑफ सांगता येतो, विचारता येत नाही, म्हणून तुझ्या प्लेअरने मेमरीत ठेवलेली प्रत मी दर फ्रेमला उचलतो आणि पट्ट्यांची उंची तिच्यावरून ठरवतो. आकडा २०० ला पोचतो त्याच फ्रेमला पट्टे खालच्या बॉर्डरमध्ये, जिथे एरवी चित्र काढता येत नाही तिथे, घुसतात. २५ ओळींवरून २४ ओळींवर नेमक्या रेषेला उडी मारून बॉर्डर उघडायची ती युक्ती आपल्याला पहिल्यांदा जमली, तेव्हा तू ओरडलास ते शेजारच्यांनाही ऐकू गेलं होतं! आकडे बदलले तर पट्टे बॉर्डरच्या अलीकडेच थांबतात. नाही बदलले तर बेस आधीच उघडून मोकळा आणि पट्टे एकटेच चढतायत. आज रात्री पुन्हा लावून बघितलं. नजर आणि कान दोघंही वेगवेगळ्या वेळी पोचतात.

आता आपलं जुनं भांडण काढतो, कारण ते इथेच येऊन आदळतंय. १९९२ साली डेन्मार्कच्या 'द पार्टी' या डेमोंच्या मेळाव्यात अमिगा कॉम्प्युटरच्या स्पर्धेत स्पेसबॉल्स या गटाचा 'स्टेट ऑफ द आर्ट' पहिला आला, त्यावरून आपण किती भांडलो! नाचणाऱ्या मुलीच्या व्हिडिओवरून सावल्या उतरवून फ्लॉपीत भरलेल्या, मशीन नुसतं वाजवून दाखवतंय, असं मी म्हणायचो. मला प्रत्येक फ्रेम तिथल्या तिथे गणित करून हवी होती. तू म्हणायचास, बघणाऱ्याच्या अंगावर काटा आला की झालं, मागे गणित आहे की साठवण हे कुणी बघत नाही. आता तुझ्या नियमाने चालायचं तर आकडे खुशाल बदलावेत, आवाज तोच आला म्हणजे झालं. माझ्या नियमाने तुझे आकडे पवित्र, आवाज काहीही येवो. आणि गंमत बघ, आज मला तुझा नियम हवाय. तू मात्र तुझ्या आकड्यांना हात लावू देणार नाहीस. तुला ओळखतो ना मी!

हा पेच आपला एकट्याचा नाही. २०१५ मध्ये सारब्रुकेनच्या 'रिव्हिजन' मेळाव्यात '८०८८ एमपीएच' हा डेमो आला. १९८१ चा आयबीएम पीसी, ४.७७ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, चित्रासाठी सीजीए कार्ड, आणि पडद्यावर १०२४ रंग. त्या वेळचा एकही एम्युलेटर तो नीट चालवू शकला नाही. तो बनवणाऱ्यांनी त्या लोखंडाचा कानाकोपरा वापरला होता, म्हणून दाखवायचं तर लोखंडच लागायचं. फिनलंडने २०२० मध्ये आणि जर्मनीने २०२१ मध्ये डेमोसीनला, म्हणजे डेमो बनवणाऱ्यांच्या या जगाला, आपापल्या देशाच्या जिवंत वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा तू मला रात्री उठवून सांगितलंस. वारसा म्हणजे नेमकं काय जपायचं, हे तेव्हा आपण बोललो नाही. फ्लॉपीवरचे बाइट्स माझ्याकडे सुखरूप आहेत. जपायचं उरलंय ते त्या चिपच्या गळ्यातलं.

बरं, तुझी बदली झाल्याचं कळलं. घर लागलं का? वहिनींचा निकाल लागला असेल, अभिनंदन सांग, मिठाई उधार. धाकटा अजून डबे बडवतो का? बडवू दे, ताल पक्का आहे त्याचा.

तर मला सुचलंय ते असं. तुझं गाणं जसंच्या तसं राहील, एक आकडाही हलणार नाही. पट्टेही तुझ्याच आकड्यावर चालतील. फक्त आकडा चिपकडे जाण्याआधी मी तो एका टेबलमधून नेईन: तुझा २४ तिथे शिरेल आणि त्या चिपला जो हवा तो बाहेर पडेल. २५६ बाइट्सचं टेबल. वेळेचा प्रश्नच नाही, टेबलमधून वाचायला प्रोसेसरच्या चार सायकली लागतात आणि एका फ्रेममध्ये आपल्याकडे १९,६५६ असतात. उद्या हीसुद्धा चिप गेली तर टेबल तेवढं बदलायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही.

अडचण होती जागेची. मेमरीत एक पान, म्हणजे २५६ बाइट्स, मोकळं नव्हतं. मग स्क्रोलरचा, म्हणजे पडद्यावर सरकत जाणारा, मजकूर काढून वाचला. लंब्याने स्वतःची स्तुती जिथे केलीय ना, ती मोजली तर एका पानाहून थोडी जास्तच भरली. कापली! तोंड फुगवून बसला. नंतर म्हणाला, ठीक आहे, पण टेबलला माझं नाव द्या. दिलं. सोर्समध्ये आता त्या टेबलचं लेबल 'लंब्या' आहे, आणि चढणही त्याच्यासारखीच वाकडी असणार.

पण टेबल भरायचं कुणी? मी भरू शकत नाही. बेस कुठल्या क्षणी किती उघडा होता हे माझ्या डोळ्यांना माहीत आहे, तुझ्या कानांना ऐकू आलेलं आहे. तू तिसरा भाग टेपवर घेतला होतास, आत्याच्या टेपरेकॉर्डरवर, मधे दाराची कडी वाजलेली ऐकू येते ती कॅसेट. ती आहे का अजून? कॅसेटमध्ये वरची धार बोथट झाली असेल, चालेल, आपल्याला उघडण्याची वेळ मोजायची आहे, झिलई नको. सापडली तर वाजवून बघू नकोस, टेप चिकटलेली असली तर तुटेल. तशीच घेऊन ये. मी मशीन, चिप आणि चांगले हेडफोन तयार ठेवतो. तू एकेक आकडा सांग, मी टाइप करतो. भांडणाला वेळ वेगळा धरून ये.

टेबलची दोन टोकं मी भरलीत. शून्याला शून्य, २५५ ला २५५. मधले सगळे तुझे.

तुझाच,
बॉर्डरवाला