पेवं बुजली, निदान आठवणी तरी जपा

संपादक महोदय, स.न.

आमच्या ओळखीतल्या एक काकू, सांगलीच्या मार्केट यार्डात आयुष्यभर हळदीची अडत चालवली, सौद्याला बाईमाणूस म्हणून कुणी कमी लेखलं तरी मागं हटल्या नाहीत, हळकुंड मोडून आतला रंग बघितला की माल कसाय ते सांगायच्या. आता धंदा मुलाकडं दिलाय आणि स्वतः सांगलीजवळच्या हरिपूर गावातल्या पेवांची माहिती गोळा करतात, तेही स्वखर्चानं.

नवीन पोरांना पेव म्हणजे काय तेच माहीत नाही. जमिनीखाली खोल खड्डा, त्यात हळद भरून तोंड बंद करायचं, आत प्राणवायू उरत नसल्यामुळं कीड लागत नाही आणि माल वर्षानुवर्षं टिकतो. उघडल्यावर लगेच उतरायचं नाही, काही तास थांबायचं, नाहीतर जीव जायचा! २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि बरीच पेवं कायमची गेली. काकू म्हाताऱ्या हमालांकडं जाऊन मोबाईलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करतात, जुन्या चोपड्या, पावत्या स्कॅन करतात. मला हे काम फार मोठं वाटतं, कारण ही माणसं गेली की विचारणार कुणाला.

२०१८ ला सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा सगळ्यांनी पेढे वाटले, मग पालिकेनं आणि बाजार समितीनं मिळून एक तरी पेव दुरुस्त करून शाळेच्या पोरांना बघायला ठेवावं आणि काकूंच्या रेकॉर्डिंगला वाचनालयात जागा द्यावी, ही कळकळीची विनंती.

- एक वाचक, सांगली