घंटेआधीचा ठोसा

पुणे,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय बाळ्या,

आठ महिने झाले. तू फोन केला नाहीस, मीही केला नाही. दिवाळीत वहिनींनी फराळाचे फोटो पाठवले तेव्हा मी नुसता अंगठा पाठवला, त्याची अजून लाज वाटते. आईचा गुडघा बरा आहे, जिना चढते. माझं ठीक. तुझं नोकरीचं मार्गी लागलं हे कळलं, फार बरं वाटलं. चिऊला माझा पापा.

परवा आपल्या बॉक्सिंगच्या सरांच्या त्या लढतीवर मी लिहिलेल्या एकांकिकेचा प्रयोग झाला आणि आपण अंतिम फेरीत गेलो. पण प्रयोगाला रेल्वेवाले आले होते, त्या लढतीत सरांना पाडणारे.

हो, तेच. ते आता नसतील असं मी धरूनच चाललो होतो. साधी चौकशीसुद्धा केली नव्हती, हे आधी कबूल करतो. सहाव्या रांगेत मुलगी आणि नातवासोबत बसले होते. कान गेलेत, त्यामुळे संवाद कळले नसतील. पण दुसरा राउंड संपल्याची घंटा होते, आपले सर हात खाली घेतात आणि निळ्या बनियनमधला तो माणूस वळून ठोसा मारतो, हे कळायला कान लागत नाहीत. सगळं नाट्यगृह चुकचुकलं. तालमींत मी ज्या क्षणासाठी जीव टाकला होता तो हाच क्षण.

नंतर त्यांची मुलगी रंगपटात आली. भांडली नाही, आवाजही चढवला नाही. म्हणाली, "माझ्या मुलानं विचारलं, आजोबा, तुम्ही खरंच घंटेनंतर मारलंत? तर बाबा म्हणाले, मारला असेल रे, आता आठवत नाही."

बाळ्या, तेव्हापासून मला झोप नाही.

कारण तुला आणि मला माहीत आहे. क्लबाच्या मागच्या जिन्यावर, पाऊस पडत होता, सर तुझ्या हाताची पट्टी सोडवत होते. आपण दोघांनी खोदून खोदून विचारलं होतं, की त्या रेल्वेवाल्यानं फसवलं ना तुम्हाला? आणि सर म्हणाले होते, "घंटेआधीचाच होता तो. माझी हनुवटी उघडी होती." मग तो त्यांचा नेहमीचा विनोद, की पंचांनी पंच पाहिला, फक्त मीच पाहिला नाही. तू इतका हसलास की पट्टी पुन्हा गुंडाळावी लागली. तिसरं कोणी तिथं नव्हतं. सर गेले. आता ते वाक्य फक्त आपल्या दोघांकडे आहे, आणि त्यातल्या एकानं ते विकून टाळ्या घेतल्या.

आठ महिन्यांपूर्वी तू फोनवर हेच सांगत होतास. मी म्हणालो, नाटकाला समोर कोणीतरी वाईट लागतो. तू म्हणालास, "मग रेल्वे काढ, निळा बनियन काढ, दुसऱ्या गावचा कोणी तरी कर." मी फोन आपटला. तुझा राग आला नव्हता, तू बरोबर आहेस याचा आला होता.

हॉस्टेलची ती रात्र आठवते? तुझ्या त्या खरखरणाऱ्या कॉम्प्युटरवर 'सिंड्रेला मॅन' पाहिला होता, मुष्टियोद्धा ब्रॅडॉकचा चित्रपट, समोर खलनायक मॅक्स बेअर. मी ढसाढसा रडलो आणि तू भिंतीकडे तोंड करून म्हणालास, "मॅक्स बेअर असा नव्हता." दोन दिवस मी तुझ्याशी बोललो नाही. मेसमध्ये तुझ्या वाटणीची जिलेबीसुद्धा खाल्ली, ती अजून माझ्या नावावर आहे.

या तीन रात्री मी पुन्हा त्या बेअरच्याच मागे आहे. चित्रपटात तो दोन माणसं मारल्याची फुशारकी मिरवतो, हॉटेलात ब्रॅडॉकच्या बायकोला घाण बोलतो. खरं काय? ऑगस्ट 1930 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला फ्रँकी कॅम्पबेल त्याच्याशी लढल्यानंतर गेला, हे खरं. पण बेअर त्यानं मोडून पडला होता. त्याच्यावर मनुष्यवधाचा आरोप ठेवला गेला, त्यातून सुटला, तरी झोपेत तो दचकून उठायचा असं त्याचा मुलगा सांगे. पुढच्या लढती हरत गेला. कॅम्पबेलच्या कुटुंबाला त्यानं पैशाची मदत केली. दुसरा अर्नी शाफ. तो फेब्रुवारी 1933 मध्ये प्रिमो कार्नेराशी लढून गेला, बेअरशी त्याची लढत त्याआधी पाच-सहा महिने होऊन गेली होती. आणि त्याच वर्षी, 8 जूनला, जर्मनीत हिटलर सत्तेवर येऊन चार महिने झाले असताना, हाच बेअर चड्डीवर ज्यूंची षट्कोनी चांदणी शिवून यँकी स्टेडियममध्ये उतरला आणि जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगला दहाव्या राउंडमध्ये थांबवलं. त्या चांदणीमागची गोष्ट चित्रपट सांगत नाही. सांगितली असती तर लोक त्याच्यावर प्रेम करून बसले असते, मग ब्रॅडॉकचं काय?

पण ब्रॅडॉकला त्याची गरजच नव्हती रे! मोडलेला उजवा हात, गोदीत हमाली, सरकारी मदतीवर घर, आणि हातात पैसे आल्यावर ती मदत परत करणारा माणूस. 13 जून 1935 ला पंधरा राउंड लढून त्यानं बेअरकडून जगज्जेतेपद घेतलं. यात खोटं काय घालायचं? तिकडे न्यू जर्सीत तुझ्या घराजवळ नॉर्थ बर्गनला त्याच्या नावाची बाग आहे ना, चिऊला घेऊन जा एकदा.

आणखी एक गोष्ट सापडली, ती मला फार लागली. 1956 च्या 'द हार्डर दे फॉल' या चित्रपटात बेअरनं स्वतः काम केलंय. कसलं? एका क्रूर मुष्टियोद्ध्याचं. त्या माणसाला राग कसला, तर मेलेल्या मुष्टियोद्ध्याला खरं आपण संपवलं आणि नाव दुसऱ्याचंच झालं याचा. म्हणजे लोकांनी रचलेला बेअर खऱ्या बेअरनंच पडद्यावर उभा केला. मला रेल्वेवाल्यांचं ते "मारला असेल रे" आठवलं आणि मी उठून गॅलरीत गेलो.

'द हरिकेन' या चित्रपटाचंही तेच. रुबिन कार्टर या काळ्या मुष्टियोद्ध्यावर खुनाच्या खटल्यात झालेला अन्याय एवढा मोठा, की 1985 मध्ये न्यायाधीश सारोकिन यांनी शिक्षा रद्द करताना सरकार पक्षाचे अक्षरशः वाभाडे काढले. ते पुरेसं नव्हतं का? पण चित्रपटवाल्यांनी 1964 ची जोई जिआर्डेलोशी झालेली लढतही नासवली. कार्टर त्याला रक्तबंबाळ करतो आणि गोरे पंच निकाल फिरवतात असं दाखवलं. प्रत्यक्षात जिआर्डेलो पंधरा राउंड चांगला लढला आणि पंचांनी एकमतानं त्याला जिंकवलं. चित्रपटावरून तो कोर्टात गेला, तडजोड झाली. दिग्दर्शक नॉर्मन ज्युइसन यांनी डीव्हीडीवर बोलताना तो मोठा मुष्टियोद्धा होता हे मान्य केलं. पण डीव्हीडीवरचं ते बोलणं किती जण ऐकतात? चित्रपट मात्र सगळ्यांनी पाहिला. दक्षिण फिलाडेल्फियात जिआर्डेलोचा पुतळा आहे, तुला गाडीनं दोन तासही लागणार नाहीत. जमलं तर माझ्या वतीनं जाऊन ये.

आणि मला खरा धक्का कशाचा बसला सांगू? मी रेल्वेवाल्यांचं वाईट केलं एवढंच नाही. सरांचंही केलं. "हनुवटी खाली!" पहिल्या दिवशी प्रत्येक पोराला तेच. तीस वर्षं तेच. तुझ्या हनुवटीखाली त्यांनी टेनिसचा चेंडू धरायला लावला होता आणि तू तो धरून घरी जेवायला गेला होतास, काकूंनी केवढा आरडाओरडा केला! त्या एका ठोशातून सरांची सगळी शिकवण निघाली होती. तो ठोसा मी घंटेनंतर नेला, आणि सर नुसते फसवले गेलेले एक गरीब माणूस उरले.

पोरं म्हणतात आता बदल नको, अंतिम फेरीला बारा दिवस आहेत, हशा-टाळ्यांच्या जागा बसल्यात. त्यांचं खोटं नाही, त्यांनी घाम गाळलाय. पण मी तो प्रसंग बदलणार आहे. घंटा नंतर होईल. सर पडतील, उठतील आणि स्वतःच्या हनुवटीला हात लावतील, बस. त्यापुढचं अजून लिहिता आलेलं नाही.

तोवर तू एक कर. जिन्यावरची ती संध्याकाळ तुला जशी आठवते तशी, मला न विचारता, कागदावर लिहून काढ आणि त्याचा फोटो पाठव. मोठ्या अक्षरात लिही. पुढच्या रविवारी मी रेल्वेवाल्यांकडे जातोय. त्यांच्या मुलीनं ये म्हटलंय. ऐकू येत नाही, पण चष्मा लावून वाचतात म्हणे. माझं एकट्याचं त्यांनी का मानावं? दोघांचं असलं तर नातवालाही दाखवता येईल.

तुझा निळा स्वेटर माझ्याकडेच आहे. आई म्हणते धुऊन ठेवलाय.

तुझा,
अव्या